इपॉक्सीत नॅनोसिलिका घातली की गुठळ्या का होतात?

पुण्यात पाषाणला प्रोजेक्ट करताना मीही यात महिनाभर अडकले होते, म्हणून सांगते. इपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन आणि नॅनोसिलिका म्हणजे त्यात घालायची सिलिकाची अतिसूक्ष्म पावडर. पिठल्यात कोरडं बेसन थेट टाकलं की गुठळ्या होतात, इथेही जवळपास तसंच आहे. फरक इतकाच, की या गुठळ्या पळीने घोटून मोडत नाहीत.

फ्युम्ड सिलिकाच्या (ज्वाळेत बनवलेल्या नॅनोसिलिकाच्या) एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण २०० चौरस मीटर असतं, म्हणजे बॅडमिंटनची जवळपास अडीच कोर्टं! त्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल (-OH) गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, त्यात हवेतली ओल भर घालते. पुण्याच्या पावसाळ्यात तर पावडर आधी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवाच.

खरा उपाय पृष्ठभाग बदलण्यात आहे. इपॉक्सी गट असलेलं सिलेन (सिलिका आणि रेझिन यांना जोडणारं रसायन) कणांना लावलं, की कण एकमेकांना कमी आणि रेझिनला जास्त चिकटतात. मग पावडर ॲसिटोनमध्ये प्रोब सॉनिकेटरने (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्राने), बर्फात भांडं ठेवून, थांबत थांबत फोडा. त्यात रेझिन मिसळा, ॲसिटोन व्हॅक्युमखाली पूर्ण काढा. थोडंही राहिलं तर काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक झालेलं रेझिन मऊ पडू लागतं ते) उतरतं आणि दोष उगाच सिलिकाला जातो. हार्डनर अगदी शेवटी.

सुरुवात वजनाने १ टक्क्यापासून करा. जास्त घातली की मिश्रण घट्ट होतं, बुडबुडे अडकतात.

गुठळ्या उरल्या का हे कळायला, कडक झालेला तुकडा मोडून भंगपृष्ठ (मोडलेली बाजू) इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहा. मिश्रण पारदर्शक दिसलं म्हणून खूश होऊ नका. मी झाले होते, आणि नमुना नेमका एका गुठळीपासूनच तडकला.