राणीचं वय झालंय, पण उपचार आहेत

प्रश्न : आमची लॅब्रॅडोर राणी ११ वर्षांची आहे, वजन ३४ किलो. नसबंदी केलेली नाही. दिवाळीपासून ती जिना चढत नाही, बसली की उठायला वेळ घेते. पाणी खूप पिते आणि रात्री घरातच लघवी करते, म्हणून आम्ही रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवतो. सासूबाई म्हणतात, वय झालं, चालायचंच. माझ्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आहेत. त्यातली अर्धी तिला दिली तर चालेल का? या वयात तपासण्यांचा त्रास तिला द्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गोळी देऊ नका. अर्धी नको, पावही नको. डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडं वाचवण्यासाठी. औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन ती मरत होती.) घरात मांजर असेल तर तिला पॅरासिटामॉलसुद्धा कधी देऊ नका, एका गोळीने जीव जातो.

आणि पाण्याचं भांडं आज रात्रीपासून परत जागेवर ठेवा. ती जास्त पाणी पिते म्हणून लघवी जास्त होते असं तुम्हाला वाटतं. बहुतेक वेळा उलटं असतं. शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तहान लागते. अशा जनावराचं पाणी तोडलं तर ते एका रात्रीत ढासळू शकतं.

मला राणीच्या पायांपेक्षा या तहानेची काळजी जास्त वाटते. सकाळी मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलिलिटर, म्हणजे राणीच्या बाबतीत दिवसाला साडेतीन लिटरच्या आसपास किंवा वर गेलं, तर ते नक्की आजाराचं लक्षण. मधुमेह असेल, मूत्रपिंडं असतील. नसबंदी झालेली नाही म्हणून तिसरी शक्यता मी सगळ्यात आधी तपासेन : पायोमेट्रा, गर्भाशयात पू होणं. राणी शेवटची हीटवर (माजावर) कधी आली होती, आठवून पाहा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत हा आजार डोकं वर काढतो. शेपटीखाली चिकट, वास येणारा स्राव दिसला, तिने जेवण सोडलं, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्राव दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठतो आणि धोका वाढतो. सोनोग्राफीत ते कळतं. इलाज ऑपरेशन हाच. या वयात भूल कशी द्यायची, असं घरचे म्हणतील. मी भूल नाकारते ती रिपोर्ट पाहून. नुसत्या वयाच्या आकड्यावरून नाही.

तपासण्यांचा त्रास म्हणाल, तर रक्ताला एक सुई. लघवी तुम्हीच घरी धरू शकता. सकाळी पहिल्यांदा ती बसली की मागून हळूच धुतलेला, कोरडा डाव सरकवायचा. लांब दांड्यामुळे वाकावं लागत नाही आणि कुत्री बिचकत नाही. स्वच्छ बाटलीत भरून तासा-दोन तासांत पोचवा. लघवीची तपासणी टाळू नका, कारण रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडांची साधारण पाऊण ताकद गेलेली असते. लघवी पातळ होऊ लागते ती त्याच्या आधी.

आता पाय. बहुधा संधिवात आहे, आणि तो दुखतो. कुत्री दुखलं म्हणून ओरडत नाहीत, जिना चढायचं सोडतात. मागच्या पायांची नखं पाहा. पुढच्या बाजूने घासली गेली असतील तर ती पाय ओढत चालते आहे. दवाखान्यात भीतीपोटी कुत्री टुणकन उठून उभी राहतात, म्हणून घरी ती कशी उठते त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. मूत्रपिंडं ठीक असतील तर मेलॉक्सिकॅमसारखं दुखणं कमी करणारं औषध वजनाप्रमाणे देता येतं. किती, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या जायच्या-यायच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका, आणि तळव्याच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा. त्या केसांवरूनच पाय घसरतो. पोळीचे तुकडे, बिस्किटं बंद. ३४ किलो लॅब्रॅडोर मादीला जास्तच आहे. दोन-तीन किलो उतरले तरी तुम्हाला फरक दिसेल. एकदाच लांब फिरवण्याऐवजी थोडं थोडं, तीन-चार वेळा फिरवा.

'वय झालं' म्हणून वर्षभर घरी दुखणं सोसलेली कुत्री माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. सोसायची गरज नसते. साताऱ्यात सोनोग्राफीची सोय झाली नाही, तर महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. रक्त द्यायला जाताना रात्रीच्या जेवणानंतर तिला काही खायला देऊ नका, म्हणजे साखर नीट कळेल. पाणी मात्र हवं तेवढं पिऊ द्या.