फटाक्यांची सवय व्हावी म्हणून मांजरीला गॅलरीत घेऊन बसावं का?

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं आहे, म्हणजे नकार देणं जड जातं, कळतं मला. तरीही नाही.

तुम्ही लिहिलंय की मांजरी आठ महिन्यांची आहे, ही तिची पहिली दिवाळी, लांब कुठे लड वाजली तरी ती कपाटामागे जाते. घरचे म्हणतात, बाहेर काढून मांडीवर घेऊन गॅलरीत बस, भीती मोडेल. आणि ते नको असेल तर आपल्या झोपेच्या गोळीचा चतकोर द्यावा का. गोळीचं पुढे लिहिते. आधी भीती मोडण्याचं, कारण याच वाक्यावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा बोका सोन्या. दिवाळीतली त्याची जागा ठरलेली आहे, आतल्या खोलीतल्या दिवाणाखाली भिंतीकडचा कोपरा. वसुबारसेलाच मी तिथे पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवते आणि आत माझी वापरलेली, न धुतलेली ओढणी घालते. तो आपणहून जातो, फटाके थांबले की आपणहून बाहेर येतो, जेवतो. कुणाला त्याचा काही त्रास नाही.

मोठ्या भाऊजींना मात्र होता. "लाडावून ठेवलायस. दोन सुतळी बॉम्ब जवळून ऐकू दे त्याला, आपोआप सुधारेल," हे दर वर्षी. एका लक्ष्मीपूजनाला मी पाटावर बसले होते, आरती सुरू होती. त्यांनी आत जाऊन सोन्याला दिवाणाखालून ओढून काढला आणि छातीशी धरून गॅलरीत नेला. त्याच वेळी खाली पोरांनी बॉम्ब लावला. सोन्या त्यांचं मनगट ओरबाडून सुटला आणि पाहुण्यांसाठी उघड्या ठेवलेल्या दारातून जिन्याने खाली गेला. आरती अर्धवट राहिली.

पुढचं नीट वाचा, कारण हे कुणी आधी सांगत नाही. घरातले सगळे पुरुष स्कूटर काढून गल्ल्या-गल्ल्यांत "सोन्याऽ सोन्याऽ" करत फिरले. मी ओरडून सांगत होते की तो लांब गेलेला नाही. घरात वाढलेलं मांजर घाबरलं की पळत सुटत नाही, मिळेल त्या पहिल्या फटीत घुसतं आणि गप्प बसतं. तुमची हाक ऐकू येत असली तरी ओ देत नाही. हरवलेल्या मांजरांचा एक अभ्यास झाला होता, 2018 साली प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी पाऊण हिस्सा मांजरं हरवल्या जागेपासून 500 मीटरच्या आत सापडली होती. म्हणून शोध आपल्याच इमारतीत घ्या. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, डक्टमध्ये, पंपाच्या मागे. आणि आवाज पूर्ण थांबल्यावर घ्या, त्याआधी ते हलणार नाही.

पाडव्याची पहाट व्हायच्या आधी जरा शांत झालं. सणाचा दिवस, तरी सासूबाईंनी स्वतः गॅस पेटवून सुका जवळा भाजून दिला. तो वाटीत घेऊन मी तळमजल्यावर बसले आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. मीटरच्या खोलीत कुणीतरी टाकून दिलेल्या दाराच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या, त्यांच्या मागून दोन डोळे चमकले. अख्खी रात्र माणसं त्याच्यापासून दहा पावलांवरून ये-जा करत होती, आणि त्याने आवाजही काढला नव्हता.

एवढ्यावर संपलं नाही. सोन्या दुसऱ्या दिवसापासून लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, आणि काहीच व्हायचं नाही. बोका असेल तर हे लक्षण पाठ करून ठेवा. ताणाने मूत्राशय सुजतं, बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती चोंदते. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. भाऊबीजेला उघडा दवाखाना शोधून आम्ही त्याला नेलं. मांजराला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर त्याचे चारही पंजे ओले उमटले होते. नळी घालून लघवी काढली, दोन दिवस तिथेच ठेवला, वाचला.

भाऊजी अजूनही मनगटावरचा ओरखडा दाखवून सांगतात, "मांजर आहे ते, आलंच असतं परत." आणि "रस्त्यावरच्या मांजरांना कोण खोके ठेवतं?" रस्त्यावरच्या मांजराला निघून जायला वाट असते, आणि त्यातली किती दिवाळीनंतर दिसत नाहीत ते कुणी मोजत नाही. आपण ज्याला चार भिंतींत ठेवलंय, त्याची लपायची जागा काढून घेतली की त्याच्याकडे काही उरत नाही. लपणं हा भित्रेपणा नाही. नेदरलँड्समध्ये आश्रयगृहातल्या नव्या मांजरांपैकी काहींना खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेली लवकर सावरली.

आवाजाची सवय करता येते, पण अशी नाही. रेकॉर्ड केलेला आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लहान ठेवून, आवडतं खाणं देत, आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढवायचा, आणि मांजर कान मागे करायला लागलं की तिथेच थांबायचं. दिवाळीच्या दिवसांत एकदम जवळून ऐकवलं तर भीती मोडत नाही, पक्की होते. सुतळी बॉम्ब आपल्याला जसा ऐकू येतो तसाच तिलाही येतो असं समजू नका. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला 60,000च्या पुढेही. फटाक्याला कायद्याने 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती माणसं डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे.

आता तुमचं काम. कपाटामागची जागा तिने निवडली आहे, तीच चांगली करून द्या: खोका, अंथरूण, जवळच लिटर आणि पाणी. दारं-खिडक्या दुपारीच बंद करा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी विसरू नका, तिथून मांजर डक्टमध्ये जातं. जाड पडदे ओढा, पंखा फुल, टीव्ही नेहमीच्या आवाजात. जेवण अंधार पडायच्या आधी. ती बाहेर आली तर जवळ घ्या, नाही आली तर हात घालून ओढू नका. रात्री 10 ते सकाळी 6 फटाक्यांना बंदी आहे हे धरून बसू नका. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहिल्या अंघोळीआधीच सुरू होतात, त्यामुळे आदल्या रात्रीच सगळी तयारी हवी.

गोळी. माणसांची झोपेची गोळी अजिबात नको, चतकोरही नको. मापाचा अंदाज चुकला तर श्वास मंदावतो, आणि काही मांजरं अशा गोळीने झोपायच्या ऐवजी पिसाळतात. एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध कुणी सुचवलं तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. मांजर ऐकतंय सगळं, फक्त हलू शकत नाही. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, हल्ली गॅबापेन्टिन नावाचं औषध देतात, वजन बघून, आवाजाच्या दोन-तीन तास आधी. ते मिळालं तर दिवाळीआधी एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन बघा, कारण मांजर झोकांड्या खातं. त्या वेळी उंचावर चढू देऊ नका. फेरोमोनचा प्लग, म्हणजे मांजराला शांत करणारा गंध खोलीत सोडणारं सॉकेटमध्ये लावायचं यंत्र, काहींना उपयोगी पडतो, सोन्याला पडला नाही.

मी डॉक्टर नाही, हे खरं तर आधी लिहायला हवं. काही मांजरं खिडकीत बसून रॉकेटं बघतात, त्यांना जबरदस्तीने लपवायची गरज नाही. आणि तुमची मांजरी तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली, किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर कुणाचं उत्तर वाचत बसू नका, दाखवायला न्या. दिवाळीत कुठला दवाखाना उघडा असेल ते आजच फोन करून विचारून ठेवा.

सासऱ्यांना समजावून बघा, पण पटेल याच्या भरवशावर राहू नका. मी आता लक्ष्मीपूजनाला आतल्या खोलीला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला असते. भाऊजींना ते लागतं. लागू दे.