जुनी लष्करी संगीन घासून चकचकीत करावी का?

अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की पात्यावर काळपट थर आहे आणि मुठीशी '१९०७' दिसतं. म्हणजे ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलची १९०७ पॅटर्नची संगीन असावी. पण १९०७ हे बनावटीचं वर्ष नव्हे, नमुन्याचं. बनावटीचा महिना-वर्ष त्याच्या खाली बारीक ठोकलेलं असतं, आणि 'आरएफआय' असेल तर ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. पॉलिश पेपरने आधी पुसट होतात त्या याच खुणा, आणि संग्राहक पैसे मोजतो तेही त्यांच्यासाठीच!

मूळ पातं १७ इंचांचं. सुरुवातीच्या संगिनींना मुठीपाशी हुकासारखा वाकवलेला लोखंडी आकडा होता, १९१३ पासून तो काढून टाकला. आकड्याची संगीन दुर्मीळ, म्हणून नंतर जोडलेले आकडेही विकले जातात. सांधा भिंगाखाली बघाच.

लाल गंज असेल तेवढ्यावरच तेल लावून मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. काळा थर राहू द्या. लाकडी मुठीला जवसाच्या तेलाचा एक पुसटसा हात पुरे. पावसाळ्यात संगीन चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून खातं. मी तरी दोन्ही वेगळी ठेवतो.

पातं ९ इंचांहून लांब असल्याने शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात, पोलीस ठाण्यात आधी विचारा. रायफल घ्यायची असेल तर 'जुनी आहे' एवढ्यावर परवान्यातून सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही ती चालण्याजोगी नसावी लागते.