हेराल्ड, स्पिटफायर आणि घरचे गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : वाड्याच्या पडवीत वीसेक वर्षे उभी असलेली 1967 ची स्टँडर्ड हेराल्ड मोटार बाहेर काढली आहे. बॅटरी नवीन आणली. सेल मारून बघू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल, निम्मे-निम्मे, सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. मग प्लग न लावताच गाडी टॉप गियरमध्ये घालून हळू पुढे-मागे ढकला. इंजिन फिरले नाही, तर धक्के देऊ नका. गंजून चिकटलेली रिंग धसक्याने तुटते, सिलिंडरला चर पाडते आणि बोअरिंगचा खर्च अंगावर येतो. पुन्हा तेल सोडा, आठवडाभर थांबा.

इंजिन फिरले की क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) तपासा. एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. पुली नुसत्या डोळ्यांना मागे-पुढे सरकताना दिसली, तर इंजिन सुरू करायचे नाही. क्रँक जागेवर धरणाऱ्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर झिजल्या आहेत. डायल गेजवर (बारीक सरक मोजायचे घड्याळ) 0.10 ते 0.20 मिमी खेळ चालतो. त्याहून बराच जास्त असेल, तर वॉशर निसटून संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात आणि क्रँक थेट ब्लॉकच खायला लागते. त्या बदलायला इंजिन उतरवावे लागत नाही. संप आणि मागची मेन बेअरिंग कॅप काढली की हात पोचतो. चरे असलेली बाजू क्रँककडे ठेवा. उलटी बसवली की नवी वॉशरही लवकर संपते.

मग जुने तेल काढून 20डब्ल्यू-50 भरा, सुमारे 4 लिटर लागेल. बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कुठली वायर जाते ते बघा, कारण जुन्या इंग्लिश बनावटीच्या अनेक गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेल्या, असतात. ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लगशिवाय सेल मारा. प्लगचा गॅप 0.6 मिमी, थंड इंजिनवर व्हॉल्व्हचा 0.25 मिमी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. टाकीतले जुने पेट्रोल वापरू नका. पहिल्यांदा बाहेरच्या छोट्या डब्यातूनच पेट्रोल द्या.

प्रश्न (बेळगाव) : परदेशातून आलेली 1965 ची ट्रायम्फ स्पिटफायर दुरुस्त करतो आहे. पुढच्या सस्पेन्शनमध्ये एक मिस्त्री ग्रीस भरा म्हणतो, दुसरा ऑइल. कुणाचे ऐकू? हेराल्डचे सुटे भाग चालतील का?

उत्तर : ऑइल म्हणणाऱ्याचे. या गाडीत पुढच्या चाकाचा उभा लिंक खाली पितळी ट्रुनियनमध्ये (आटे पाडलेल्या ठोकळ्यात) आट्यांनी बसतो आणि स्टिअरिंग वळवले की त्याच आट्यांत फिरतो. तिथे ईपी 90 गियर ऑइल लागते. ग्रीस आट्यांत खोलवर पोचत नाही. जुने झाले की घट्ट होते आणि खाली पाणी साचून लिंक गंजतो. गंजलेल्या आट्यांशी चीर सुरू होते. एक दिवस वळणावर लिंक तुटतो आणि चाक आडवे होते. चोर्ल्यासारख्या घाटात असे झाले तर काय, ते सांगायला नको.

ट्रुनियनवरचा छोटा प्लग काढा, निपल बसवा आणि वरून तेल पाझरेपर्यंत गनने ईपी 90 मारा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. आत आधीच ग्रीस असेल, तर नुसते तेल मारून भागत नाही. सगळे खोलून केरोसीनमध्ये धुवा.

खोलले आहेच तर बारीक चिरा दाखवणारी डाय पेनेट्रंटची तपासणी करून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच वर्कशॉपना ती माहीत असते. आटे स्वच्छ करून लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारायचा. लाल रेघ उठली की लिंक भंगारात. वेल्डिंग नाही, लेथवर साध्या लोखंडाचा नवा करणेही नाही. उद्यमबागेत काय वाट्टेल ते घडवून मिळते, पण फोर्जिंगचा हा तुकडा तयारच मागवा. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट असतात, त्यामुळे अदलाबदल होत नाही. बसवताना पूर्ण आवळा आणि जास्तीत जास्त एक फेरा मागे घ्या. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत न अडकता फिरले पाहिजे.

हेराल्ड आणि स्पिटफायर एकाच घरच्या, पण स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक आहेत, आपल्याकडच्या हेराल्डला ड्रम. म्हणून पुढचा भाग विकत घेण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. दुकानदाराच्या ‘बसतंय हो’वर पैसे मोजू नका.

प्रश्न (निपाणी) : हेराल्डची बॉडी उचलून चॅसी वेल्ड करायची आहे. जूनपर्यंत रंगही उरकावा म्हणतो.

उत्तर : रंग दिवाळीनंतर. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते, आणि उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पत्रा घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी प्रायमरवरच, कारण पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते आणि उघड्या पत्र्यावर भरली तर वर्षभरात फुगते. दोन भाग मिसळायचा पीयू रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असते आणि साध्या मास्कने अडत नाही.

बॉडी उचलण्याआधी दारांच्या फटी मोजून लिहा आणि दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाका. नाहीतर परत बसवताना दारे लागत नाहीत. चॅसीच्या मुख्य नळ्यांपेक्षा बाजूचे आउटरिगर (बॉडी टेकते ते आडवे हात) आधी सडतात. तिथे 1.6 मिमी पत्रा वापरा, बॉडीला 0.9 मिमी. गॅसपेक्षा मिग (तारेचे इलेक्ट्रिक) वेल्डिंग बरे. सलग रेघ न ओढता इंचभराचे टाके लांब-लांब मारा, म्हणजे पत्रा वाकत नाही. स्पिटफायरवाल्यांनी हा उपाय जसाच्या तसा उचलू नये. तिच्या चॅसीला बाजूच्या नळ्या नाहीत, भार दाराखालचे सिल पेलतात. ते कापण्याआधी गाडी समपातळीत टेकवून घ्यावी लागते.

प्रश्न (चिकोडी) : इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

उत्तर : आपल्या भागातले साखर कारखानेच ते बनवतात, त्यामुळे टाळता येणार नाही. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घ्या, पाइप एफकेएम (इंधनाला टिकणारे रबर) अस्तराचा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवलेच असेल, तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिसे असलेले पेट्रोल 2000 सालीच बंद झाले, आणि जुन्या ओतीव लोखंडी हेडची सीट त्याविना हळूहळू खाली बसते.

प्रश्न (बेळगाव) : हेराल्डचे छत बोल्टवरच असते म्हणे. काढून ती ओपन करावी का?

उत्तर : निघते, पण काढू नका. नोंदणीत लिहिलेल्या बनावटीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असेल तरच. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. मात्र ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोज चालवायची असेल तर साधी आरसीच नूतनीकरण करत राहा. गाडी कोल्हापूरच्या नावावर असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर आधी मागा. इंजिन आणि चॅसी नंबर त्यावर गाडीशी ताडूनच घ्या. एक आकडा चुकला, तरी बेळगावच्या खिडकीवरून परत जावे लागते.