कॅनडातल्या नास्कापी आणि क्री या आदिवासी लोकांच्या जुन्या बाहुल्यांच्या पोटात खरंच चहा भरत असत का?

हो, भरत असत. पण ही चाल मुख्यतः कॅनडातल्या लॅब्राडोर-क्वेबेक भागातल्या इन्नू आणि त्यांचे निकटचे भाऊबंद नास्कापी यांची. क्री बाहुली दिसली की ती चहाचीच, असं धरून चालू नका. बाहुलीत चहा भरण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. कॅरिबू हरणांच्या मागे कुटुंबं मैलोन् मैल चालत, आणि प्रत्येकाला काहीतरी ओझं उचलावं लागे. लहान मुलीच्या वाट्याला तिची बाहुली, म्हणजे घरचा चहाचा साठा. चहा संपत आला की शिवण उसवून पत्ती काढायची आणि गवत भरून बाहुली पुन्हा शिवायची, म्हणजे खेळणं मोडत नसे. इन्नू कारागीर बायका हेच सांगतात, संग्रहालयांच्या नोंदींतही तेच आहे. कपडे मात्र नीट पाहा, खरी माहिती तिथेच आहे: चेहरा कॅरिबूच्या कातड्याचा, पायात छोटे मोकॅसिन (मऊ कातडी जोडे), आणि बाईची बाहुली असेल तर छापील सुती झगा, शाल, लाल-काळ्या पट्ट्यांची टोकदार टोपी. मोठ्या बायका घालत तोच पोशाख, फक्त बाहुलीच्या मापाचा.