वाचक विचारतात : समुद्र एकच, मग देवमासे वेगळे कसे?

मागच्या अंकात लिहिलं होतं की अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे शंभराच्या आत राहिलेत, त्यावर एवढी पत्रं अन् मेसेज आले की या वेळचं पान त्यालाच दिलंय. समुद्रापासून एवढ्या लांबची आपली माणसं, आणि प्रश्न बघा कसले विचारायलेत. मला खरंच भरून आलं.

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. हंपबॅक तर जगात वाढायलेत, लाखाच्या घरात गेलेत असं वाचलं. मग हे शंभर गेले तरी दुसरीकडचे येतील की तिथं! समुद्रात काय कुणी बांध घातलाय का? – एक विद्यार्थिनी, उदगीर

बांध आहे गं, फक्त डोळ्याला दिसत नाही.

ओमानच्या किनाऱ्यावर या देवमाशांच्या कातडीचे नमुने घेतले आणि त्यांचा डीएनए दक्षिण हिंदी महासागरातल्या आणि उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकशी ताडून पाहिला. 2014 साली तो अभ्यास छापून आला, आणि त्यात निघालं की हा कळप साधारण 70 हजार वर्षांपासून बाकीच्यांपासून तुटलेला आहे. 70 हजार वर्षं म्हणजे आपली शेती, गावं यातलं काहीच नव्हतं तेव्हापासून. तेव्हापासून यांची सोयरीक आपल्यातल्या आपल्यातच.

आता का, तर बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खायला जातात आणि हिवाळ्यात पिल्लं द्यायला गरम पाण्यात येतात, हजारो किलोमीटरची ही वारी दरवर्षीची. अरबी समुद्रातले मात्र हा समुद्र सोडून कुठंच जात नाहीत, कारण त्यांना घरीच जेवण मिळतं. आणि ते कुणामुळं मिळतं माहितेय का? आपल्या मान्सूनमुळं! जूनमध्ये आपण ज्या नैऋत्येच्या वाऱ्याची वाट बघत आभाळाकडं डोळे लावून बसतो ना, तोच वारा ओमानच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाजूला ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं, त्यात खतासारखी पोषक द्रव्यं असतात, त्यावर प्लवक म्हणजे पाण्यातले बारीक जीव वाढतात, प्लवकावर तारली मासे, आणि तारलीवर देवमासा. तुमच्या सोयाबीनला पाणी देणारा वाराच त्यांचं ताट वाढतो, हे मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो.

दुसरा बांध कॅलेंडरचा. दक्षिणेकडच्या हंपबॅकचा विणीचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, कारण तिकडं तेव्हा हिवाळा. अरबी समुद्रातल्यांचा हंगाम उत्तरेच्या हिवाळ्याचा, म्हणजे बरोबर सहा महिने उलटा. दोघं चुकून विषुववृत्तापाशी भेटले तरी एकाचा मुहूर्त असतो तेव्हा दुसऱ्याचा नसतो. ही गोष्ट कशी कळली ते सांगताना मात्र वाईट वाटतं. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ बेकायदा शिकार करून 238 हंपबॅक मारले होते, ते बरीच वर्षं लपवून ठेवलं होतं, नंतर कागद बाहेर आले आणि त्यात गाभण माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची मापं होती, त्यावरून विणीचे महिने काढता आले. आज शंभरही नाहीत आणि तेव्हा एका महिन्यात 238 मारले, हा हिशोब तूच कर.

आणि तुला वाटेल यांना लांब पोहता येत नसेल, तर तसंही नाही. लुबान नावाच्या मादीला 2017 मध्ये ओमानला सॅटेलाइट टॅग लावला होता (लुबान म्हणजे आपला लोबान), ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, खाली कन्याकुमारीपर्यंत गेली, आणि परत ओमानला. म्हणजे पाय घट्ट आहेत, फक्त बिऱ्हाड बदलायचं नाही. म्हणून जगात लाख असले तरी इथले शंभर गेले की ही जागा भरायला कुणी यायचं नाही. दक्षिणेकडच्याला ना इथला मुहूर्त माहीत, ना इथलं ताट कधी वाढतात ते माहीत.

असे बांध दुसरीकडंही आहेत. कॅनडा अन् अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच पाण्यात दोन तऱ्हेचे किलर व्हेल राहतात, एक तऱ्हा सामन मासा खाते, दुसरी सील आणि छोटे डॉल्फिन. शेजारून जातात पण एकमेकांत मिसळत नाहीत, बोली वेगळी, शिकारीची पद्धत वेगळी, आणि डीएनए बघितला तर लाखो वर्षांपासून वेगळे. 2024 मध्ये तर काही शास्त्रज्ञांनी यांना दोन स्वतंत्र प्रजाती म्हणा असं लिहिलं. मला विचारशील तर त्यांचं पटतं.

प्रश्न : एवढ्या मोठ्या जनावराचं रक्त काढतात कसं? आमची म्हैस सुई बघितली की दावं तोडती. – एक पशुपालक, कंधार

दादा, रक्त नाही काढत, कातडीचा बारीक तुकडा पुरतो. बोटीतून क्रॉसबोनं, म्हणजे बंदुकीसारख्या धनुष्यानं, एक पोकळ टोकाचा बाण मारतात, तो पाठीला लागून लगेच उसळून पाण्यात पडतो आणि तरंगतो, टोकात कातडी अन् चरबीचा छोटा गोळा आलेला असतो. जनावर दचकतं, कधी कधी तेही नाही. देवमासा उडी मारून पाण्यावर आपटला की कातडीचे पापुद्रे सुटतात, ते जाळीनं गोळा केले तरी चालतं. किलर व्हेलची तर विष्ठा गोळा करतात, ती पाण्यावर कुठं तरंगतीय ते वासानं शोधायला कुत्री शिकवलीत, कुत्रं बोटीच्या तोंडाशी उभं राहून दिशा दाखवतं.

या तुकड्यातून दोन गोष्टी वाचतात. एक डीएनए फक्त आईकडून येतो, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागाचा, आणि दुसरा आईबाप दोघांचा. स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशात आईकडचा डीएनए समुद्रासमुद्रात बराच वेगळा निघाला आणि दोघांचा मिळून जो असतो तो फारसा वेगळा नाही. का? तर त्यांच्यात लेक माहेरीच राहते, आई-आजी-मावशीच्या कळपात, आणि पोरगं मोठं झालं की घर सोडून थंड समुद्राकडं निघून जातं, मग कुठल्या कुठं सोयरीक करतं. आपल्या उलटं. कुणी पाळतीवर न बसता नुसत्या कातडीवरून घरातली रीत कळते.

याच पद्धतीनं 1993 मध्ये जपानच्या बाजारातलं देवमाशाचं मटण तपासलं होतं, स्कॉट बेकर आणि स्टीव्हन पालुंबी यांनी. मांस देशाबाहेर न्यायला बंदी, म्हणून त्यांनी मशीन हॉटेलच्या खोलीत नेलं आणि तिथंच डीएनएच्या नकला काढल्या. त्यात हंपबॅक अन् फिन व्हेलसारखे संरक्षित देवमासे निघाले.

प्रश्न : गावात एकच वळू असला अन् सगळ्या गाई त्याच्यावरच फळवल्या की दोन-चार पिढ्यांत वासरं किडकी होतात. मग हे शंभर देवमासे आपसातच करणार असतील तर वाचवून तरी काय फायदा? – एक शेतकरी, देवणी तालुका

काका, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलं. वळूची गोष्ट तंतोतंत लागू होते. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवर सामन खाणाऱ्या किलर व्हेलचा दक्षिणेकडचा कळप आहे, पंचाहत्तरच्या आसपास. 1990 नंतर जन्मलेल्या ज्या पिल्लांचे नमुने तपासले त्यातली निम्म्याहून जास्त फक्त दोन नरांची निघाली. आणि 2023 च्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्यात जवळच्या नात्याचं रक्त जास्त, ते लवकर मरतात.

पण दुसरी बाजूही आहे. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात वाकिता नावाचा छोटा डॉल्फिनसारखा प्राणी आहे, मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरून मरून दहाच्या आसपास राहिलाय. सगळे म्हणायचे आता हा रक्तानंच संपला. 2022 मध्ये त्याचा पूर्ण जिनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचला तर दिसलं की हा कळप हजारो वर्षांपासून लहानच होता, त्यामुळं घातक दोष आधीच बरेचसे गळून गेलेत, जाळी थांबवली तर तो अजून सावरू शकतो. म्हणजे कळप अचानक लहान झाला की पहिल्यापासूनच लहान होता, यावर बरंच ठरतं. अरबी समुद्रातल्या हंपबॅकच्या डीएनएत विविधता कमी आहे, ही काळजी आहेच, पण म्हणून सोडून द्या असं मी कधीच म्हणणार नाही.

तुमच्याच गावचं घ्या. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तीन प्रकार तुम्ही रंगावरून ओळखता, आणि शेजारच्या कंधारची लाल गाय वेगळी. बाहेरचं रेतन आणून सगळं एक केलं तर दूध कदाचित वाढेल, पण उन्हात, कडब्यावर तग धरणारी गाय परत कुठून आणायची? समुद्रातल्या हंपबॅकला तर कृत्रिम रेतनही नाही.

प्रश्न : गंगेतले दहा-वीस डॉल्फिन जायकवाडीत सोडले तर? पैठणला लोक येतील. आणि पंजाबात तीनच राहिलेत म्हणे, तिथंही गंगेतलेच सोडा. – एक वाचक, पैठण

पंजाबचं आधी. बियास नदीत 2007 मध्ये सिंधू डॉल्फिन सापडले, नंतरच्या देशव्यापी मोजणीत तिथं तीन दिसले आणि गंगा-ब्रह्मपुत्रेत सहा हजारांवर. पण गंगेतला अन् सिंधूतला दिसायला भाऊ वाटले तरी कवटी वेगळी, डीएनए वेगळा, अंदाजे साडेपाच लाख वर्षांची फारकत, म्हणून 2021 पासून दोन वेगळ्या प्रजाती मानतात. बियासमधल्यांचे खरे भाऊबंद पाकिस्तानात आहेत, दोन हजारांच्या आसपास, पण मधे बॅराजच बॅराज, म्हणजे नदीवरचे दारांचे बंधारे, आणि बॅराज झाल्यावर नदीचे वरचे बरेच तुकडे रिकामे पडले.

त्यामुळं पंजाबात गंगेतले नकोत, आणि जायकवाडीलाही नकोत. वाहती, खोल नदी लागते त्यांना, आणि आपली गोदावरी उन्हाळ्यात धरणाखाली कशी दिसते ते तुम्ही रोज बघताय. हिवाळ्यात नाथसागरावर फ्लेमिंगो येतात ना, त्यांच्यासाठी बोलवा की लोकांना.