निर्वाण, मोक्ष आणि निवलेलं वरण

एका वाचकाने विचारलं आहे: "ओळखीतल्या एका गृहस्थांच्या शोकपत्रिकेत 'यांचे निर्वाण झाले' असं छापलं होतं. त्यावरून घरात वाद झाला. वडील म्हणतात, निर्वाण म्हणजेच मोक्ष, कुणासाठीही चालतं. काका म्हणतात, तो शब्द बौद्धांचा. आणि माझी मुलगी विचारते, मग 'निर्वाणीचा इशारा' म्हणजे काय, मोक्षाची धमकी?"

मुलीचा प्रश्न सगळ्यांत झकास आहे, पण त्याला जरा थांबावं लागेल.

आधी मोक्ष. मूळ धातू मुच्, म्हणजे सोडणं. हा शब्द तत्त्वज्ञानाच्या पोथ्यांत असतो तसा भिंतीवरच्या पंचांगातही असतो. ग्रहण असलं की वेळा दिलेल्या असतात: स्पर्श, मध्य, मोक्ष. राहूने धरलेला चंद्र सुटला, की मोक्ष. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण मोक्षाची सगळी कल्पना त्यात आहे. धरलेला कुणीतरी आहे, तो सुटतो, आणि सुटल्यावर तो उरतो. तो कुणीतरी म्हणजे आत्मा. सांख्य त्याला पुरुष म्हणतात आणि प्रकृतीपासून, म्हणजे जड सृष्टीपासून, वेगळं होऊन एकटं उरण्याला कैवल्य. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात मुक्त झालेला जीवही जीवच राहतो, परमेश्वराहून वेगळा. अद्वैती म्हणतात, आत्मा बांधलेला कधी नव्हताच. यालाही ग्रहणाचा दाखला चपखल बसतो: चंद्राला कुणी धरलेलं नसतं, ती नुसती सावली असते. मतं इतकी वेगळी, पण चंद्र आहे याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

निर्वाणात चंद्र नाही, दिवा आहे.

निर् अधिक वा. वा म्हणजे वाहणं, वारा यातलंच. पाणिनीने या एका शब्दासाठी चक्क सूत्र खर्ची घातलं आहे: 'निर्वाणोऽवाते' (८.२.५०). वारा पडला तर 'निर्वात' म्हणायचं. वाऱ्याशिवाय दुसरं काही शमलं तर 'निर्वाण'. काशिकावृत्ती या त्यावरच्या टीकेत उदाहरणं दिली आहेत: निर्वाण अग्नी, निर्वाण दिवा आणि निर्वाण भिक्षू. व्याकरणाच्या रुक्ष पानावर विस्तव, दिवा आणि भिक्षू एका ओळीत बसलेले पाहिले, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

यापेक्षा जवळून पाहायचं तर थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली कवितांच्या संग्रहात, पटाचारेकडे जावं लागतं. नवरा, मुलं, आईवडील, सगळं गमावून भिक्षुणी झालेली ही बाई. एका रात्री ती पाय धुते, दिवा घेऊन विहारात जाते, बिछाना पाहते, मंचकावर बसते. मग सुई घेऊन दिव्याची वात खाली ओढते. आणि म्हणते, 'पदीपस्सेव निब्बानं, विमोक्खो अहु चेतसो': दिव्याचं निर्वाण व्हावं तसा चित्ताचा विमोक्ष झाला. वादातले दोन्ही शब्द एकाच ओळीत! म्हणजे मोक्षाचा शब्द बौद्धांना वर्ज्य नव्हता. पण सुटलं काय, तर चित्त. आत्मा नव्हे.

कारण आत्मा असा काही सापडत नाही, हेच बुद्धाचं म्हणणं होतं. रूप, वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार, विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच गट, एकेक करून उलटेपालटे करून पाहा. यातलं 'मी' असं कशालाच म्हणता येत नाही. याला पालीत अनत्त म्हणतात, म्हणजे अनात्म. मग विझलं काय? राग (म्हणजे आसक्ती, संताप नव्हे), द्वेष आणि मोह. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, विचारलं होतं, मुक्त झालेला मेल्यावर कुठे जन्मतो? बुद्धाने उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? प्रश्नच लागू होत नाही. सरपण संपलं, आग शमली. इथे सरपणाला पाली शब्द आहे 'उपादान', आणि आसक्तीने धरून ठेवण्यालाही तोच शब्द. हा श्लेष मराठीत आणणं मला तरी जमलेलं नाही.

आता वडिलांचा मुद्दा. परंपरेप्रमाणे बुद्धाला निर्वाण लाभलं पस्तिसाव्या वर्षी, बोधिवृक्षाखाली. त्यानंतर ते पंचेचाळीस वर्षं गावोगाव हिंडले, भिक्षा मागितली, वाद घातले. म्हणजे निर्वाण हे मरण नव्हे. कुशिनारेला देह पडला ते परिनिर्वाण, आणि बुद्धाचं म्हणून महापरिनिर्वाण. डॉ. आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निब्बान आणि परिनिब्बान यांत गल्लत करू नये असं बजावलं आहे. बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता, हेही त्यातलंच. बाबासाहेबांच्या बाबतीत ६ डिसेंबर हा आपण महापरिनिर्वाण दिन म्हणतो, नुसता निर्वाण दिन नाही, ते बरोबरच आहे.

काकांचाही मुद्दा पुरता टिकत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट 'ब्रह्मनिर्वाणमृच्छति' असा आहे. जैन तर दिवाळीला पावापुरीतलं महावीरांचं निर्वाण स्मरतात, आणि ते जीव नित्य मानतात. शब्द तिघांचा, पण दिवा विझल्यावर काय उरतं याचं उत्तर तिघांचं तीन.

या सगळ्यात मराठीने एक गंमत केली आहे. संस्कृत निर्वा, प्राकृत णिव्वा, मराठी निवणे. होय, 'वरण जरा निवू दे' यातलं निवणे! तापलेलं, धगधगलेलं होतं ते शांत झालं. डोळे निवले, जीव निवला. जातककथांच्या प्रस्तावनेत, म्हणजे निदानकथेत, सिद्धार्थ कपिलवस्तूत शिरताना किसा गोतमी सज्जातून गाते, 'निब्बुता नून सा माता': निवली असेल ती आई, जिला असा मुलगा. (निब्बुत हा काटेकोरपणे 'निर्वृत'चा, म्हणजे 'तृप्त'चा, वंशज, पण पालीत दोघांची सरमिसळ झाली आहे.) सिद्धार्थ विचारात पडतो, काय विझलं म्हणजे हृदय निवतं? कथेचा सगळा डोलारा या श्लेषावर उभा आहे. मोक्ष म्हणजे सुटणं, हे आपण भाषांतर केल्यासारखं सांगतो. निर्वाण म्हणजे निवणं, हे तर आजीच्या स्वयंपाकघरातच होतं. उगाच 'विझून नाहीसं होणं' असा अर्थ देऊन लोक घाबरवतात.

आणि हो, मुलगी. मराठीत दिवा मालवण्याची घटका ही अखेरची घटका झाली. त्यातून निर्वाण म्हणजे शेवट, शेवटची वेळ, आणीबाणी असा अर्थ आला असावा. यापुढे बोलणं नाही, असा तो निर्वाणीचा इशारा. तुकोबांकडे 'निर्वाणीं गोविंद' मागेपुढे उभा असतो तोही याच अर्थाने, अडीनडीच्या टोकाला. इथे मोक्षाचा संबंध नाही.

राहिली पत्रिका. माझा सल्ला: 'निधन' लिहा. 'निर्वाण झाले' लिहून आपण त्या गृहस्थांचे राग-द्वेष-मोह संपल्याचा दाखला देतो, तो द्यायला आपण कोण? 'स्वर्गवासी'तही मोक्ष नाही बरं का. गीतेप्रमाणेच पुण्य सरलं की स्वर्गातून परत यावं लागतं. वारकऱ्यांत वैकुंठवासी, संन्याशांसाठी ब्रह्मीभूत, असे आपापले शब्द आहेत. बौद्ध कुटुंबांच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकांत 'कालकथित' असतं. कथित म्हणजे सांगितलेला, तो अर्थ इथे बसत नाही. पालीत 'कालकत' म्हणजे मृत, शब्दशः काळ केलेला. माझ्या मते त्या 'कत'चं छापताना कुणीतरी 'कथित' केलं आणि ते रूढ झालं. रूढ झालेलं खोडायला मी सांगणार नाही. पण पत्रिका तुमच्याच घरची असेल आणि छापखान्यात प्रूफ तुमच्या हातात असेल, तर 'कालकत' लिहून पाहा. छापखानेवाला फोन करून विचारेल, तेवढी तयारी ठेवा.